सूचकाची सही

अजमानच्या मासळी बाजारामागे एका जुन्या व्हिलाची मागची खोली होती. तिथे आम्ही सहा जण राहत होतो. पाच जण केरळच्या उत्तर टोकाच्या एकाच गावचे आणि सहावा मी, गुहागरकडचा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून लागलो, तेव्हा मला राहायला जागा नव्हती. कारखान्याच्या ड्रायव्हरने विचारलं, "मछली खाता है?" मी म्हटलं, कोकणातला आहे. "फिर आ जाओ." एवढ्यावर मला खाट मिळाली. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं.

तो ड्रायव्हर पन्नाशीचा होता. सगळे त्याला चेट्टन म्हणत, म्हणजे मोठा भाऊ. मीही म्हणू लागलो. मेसचा बाजार त्याच्याकडे, खोलीचं भाडं मालकाला द्यायचं काम त्याच्याकडे, भांडण झालं तर मिटवायचंही त्यानेच. पहिल्याच उन्हाळ्यात मला कांजिण्या आल्या. बाकीच्यांना लागतील म्हणून मीच घाबरलो होतो. चेट्टनने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझी चटई घातली, दोन दिवस सुट्टी काढून माझ्याजवळ बसला, पेज भरवली आणि माझे घामट, खपल्या चिकटलेले कपडे स्वतःच्या हाताने धुतले. माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच माणसाबद्दलचं आहे.

ते पाचही जण पक्षाचे होते. त्यांच्या गावात पक्ष म्हटलं की कोणता हे विचारायची पद्धतच नव्हती. राज्यात सरकार लाल येई, दुसरं येई. गावात मात्र कधी बदलत नसे. वाचनालय पक्षाचं, सोसायटी पक्षाची, नारळ पाडणाऱ्यांची संघटना पक्षाची, जीपवाले पक्षाचे. लग्नाचा मांडव पक्षाची माणसं घालत आणि मयताची लाकडंही तीच फोडत. चेट्टनची आजी जमीनदारासमोर उघड्या छातीने उभी राहिलेली होती, खालच्या जातीच्या बायकांना तसा नियमच होता. पक्षाने त्या घराला जमीन दिली, अक्षर दिलं. चेट्टन हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. मला ते सगळं फार आवडायचं. आमच्या गावात देवळाच्या पायरीवर कोणी कुठे बसायचं हे अजून ठरलेलं. इथे पाच वेगवेगळ्या जातींचे पाच जण एका परातीतून जेवत होते. मला वाटायचं, हे लोक आपल्यापेक्षा पन्नास वर्षं पुढे आहेत.

त्या पाचांतला एक टर्नर होता. तिशीतला, माझ्याच वयाचा. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं की गावात असताना निवडणुकीच्या भिंती तोच रंगवायचा. त्याचे वडील तरुणपणी पक्षासाठी तुरुंगात गेलेले. लहानपणी चेट्टन मोर्चात त्यांचा झेंडा धरायला मिळावा म्हणून त्यांच्यामागे धावायचा, असं चेट्टननेच मला सांगितलं होतं.

एका वर्षी हा टर्नर दीड महिन्याच्या सुट्टीवर गेला आणि परत आला तो हलवा, केळ्याचे वेफर्स असं सगळ्यांसाठी घेऊन. दारातून आत येताच त्याने पुडे टेबलावर ठेवले. चेट्टन टीव्ही बघत होता, तो बघतच राहिला. टर्नर अंघोळ करून आला आणि जेवायला बसायला लागला, तर त्याचं ताट मांडलेलं नव्हतं.

तो उभा राहिला थोडा वेळ. मग त्याच्या लक्षात आलं. मला मात्र काहीच कळलं नव्हतं. मी बावळटासारखं विचारलं, "इसका प्लेट?"

चेट्टन म्हणाला, "इसका मेस खलास."

टर्नरने काय केलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या गावात पंचायतीची निवडणूक होती. त्या गावात उमेदवार बिनविरोध निवडून यायचे, विरोधात कोणी उभंच राहत नसे. यंदा एक निवृत्त शिक्षिका उभी राहिली होती. शाळेच्या मैदानावर पक्षाने आपली इमारत बांधायला घेतली होती. बाईंचं म्हणणं एवढंच, की मैदान मुलांचं आहे. सभेत त्यांना बोलू दिलं नाही, म्हणून त्यांनी अर्ज भरायचं ठरवलं. अर्जावर सूचक म्हणून वॉर्डातल्या एका मतदाराची सही लागते. ती सही टर्नरने केली होती.

"सात घरांत जाऊन आल्या होत्या त्या," पुढे एकदा त्याने मला सांगितलं. आमचं सगळं बोलणं मोडक्या हिंदीत व्हायचं, मी इथे मराठीत लिहितोय. "मी व्हरांड्यात चहा पीत होतो. बाई म्हणाल्या, जमत नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. तेच लागलं मला. रागावल्या असत्या तर नसती केली सही."

बाई पडल्या. त्यांच्या घरातल्यांचीसुद्धा सगळी मतं त्यांना पडली नव्हती म्हणे.

खोलीत टर्नरशी कोणी बोलत नसे. सगळ्यांचा स्वयंपाक झाला, भांडी घासून झाली की मग तो शेगडीजवळ जायचा आणि एकट्यापुरता भात टाकायचा. सकाळी चेट्टनच्या पिकअपमधून आम्ही सगळे शारजाला जायचो. आता तो रस्त्यावर उभा राहून शेअर टॅक्सी शोधायचा. त्याला काही सांगायचंच झालं तर माझ्यामार्फत. तो दोन हातांवर बसलेला असायचा आणि चेट्टन मला म्हणायचा, "उसको बोलो, बाल्टी उठाने का." मी वळून म्हणायचो, "बाल्टी उठाने का." तू बाहेरचा, तुला चालतं, असं मला सांगण्यात आलं होतं. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला यात मजा वाटली. आजवर त्यांच्या मल्याळम बोलण्यात मी नुसता बसून असायचो, आता माझ्यावाचून खोलीचं पान हलत नव्हतं.

तो हलवा टेबलावर तसाच पडून होता. कोणी फेकत नव्हतं, कोणी खात नव्हतं. एकदा स्वयंपाकघरात एकटाच असताना मी एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि तोंड पुसून बाहेर आलो. टर्नर समोर होता. त्याने बघितलं. मी पंख्याकडे बघायला लागलो.

हे सगळं मला नवीन नव्हतं. आमच्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. मी चौथीत असताना आमच्या गावकीने एक घर वाळीत टाकलं होतं, पालखीच्या मानावरून कोर्टात गेले म्हणून. निर्णय घेणाऱ्यांत माझे वडील होते. त्या घरातली मुलगी माझ्या वर्गात होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसायला दोन दिवसांत शिकलो होतो. म्हणूनच अजमानमध्ये मला काही अवघड गेलं नाही. मान कुठे वळवायची, आवाज किती कोरडा ठेवायचा, हे सगळं मला येत होतं. फक्त हे लोक असं करतील असं वाटलं नव्हतं.

गावाकडे टर्नरच्या घराचंही तेच चाललं होतं. तो शुक्रवारी फोनकार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या बूथवर जायचा, कधी मी मागे रांगेत असायचो. नारळ पाडायला कोणी येत नव्हतं. पिकलेले नारळ आपोआप कौलांवर पडत, कौलं फुटत, आणि त्याची बायको मुलांना अंगणात जाऊ देत नव्हती. दुकानदार तांदूळ नाही म्हणायचा, आणि तिच्यासमोरच दुसऱ्याला मोजून द्यायचा. मारहाण नाही, शिवी नाही. पोलिसात सांगायला जावं तर सांगणार काय? कोणी बोलत नाही, हा काही गुन्हा नाही.

सहा-सात महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, टर्नरला फोन आल्याची हाक आली. आम्ही सगळे खोलीत होतो. चेट्टन वर्तमानपत्रावर सुरमई कापत बसला होता. टर्नर खाली गेला आणि पाच मिनिटांनी वर आला. दारात उभा राहून तो दोनच शब्द बोलला. "अच्छन मरिच्चु." एवढं मल्याळम मला तोवर येत होतं. बाबा गेले.

त्या खोलीची एक रीत होती. कोणाच्या घरचं असं काही कळलं तर त्या दिवशी शेगडी पेटत नसे. दोघं जण त्या माणसाच्या दोन्ही बाजूंना बसून राहत आणि तिसरा तिकिटाची व्यवस्था करायला धावायचा. माझी आजी गेली तेव्हा चेट्टन असाच माझ्याजवळ बसला होता.

चेट्टनची सुरी थांबली. मला वाटलं, आता उठेल. त्याने माशाचं पोट साफ केलं, आतलं सगळं बोटाने ओढून कागदावर टाकलं आणि सुरी पुढे चालू केली. मग म्हणाला, "मिरची पूड कुठाय?" कोणीतरी दिली. टर्नर आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. कालवणाला फोडणी बसली, खोलीभर वास सुटला. चेट्टनने कोणाला तरी व्हीसीआर लावायला सांगितला. विनोदी सिनेमा होता. ताटं मांडली गेली, पाच. चेट्टनने डोक्याचा तुकडा माझ्या पानात वाढला, मला आवडतो म्हणून.

मी खाल्लं. टर्नरची पाठ माझ्यापासून चार हातांवर होती आणि मी काटे काढत जेवत होतो. कालवण चांगलं झालं होतं. हे मी विसरू शकत नाही की ते चांगलं झालं होतं आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला. सिनेमात कोणीतरी पडलं तेव्हा सगळे हसले, त्यात मीही हसलो असेन.

संध्याकाळी बाहेर सिगारेट ओढताना मी धीर करून चेट्टनला म्हटलं, "त्यांचा झेंडा धरायचास ना तू?"

तो शांतपणे म्हणाला, "आज मेला तो याचा बाप. आमचा कॉम्रेड तर मुलाने सही केली त्याच दिवशी गेला. त्याने मुलाला घराबाहेर काढायला पाहिजे होतं." त्याचे डोळे ओले होते. ते बघून मला जास्तच शिसारी आली. त्याला दुःख झालं नसतं तर मी समजू शकलो असतो.

टर्नरला रजा मिळाली नाही. मागून कळलं की मयताला गावातला एकही माणूस आला नव्हता. मेहुणा, त्याचा मित्र आणि परगावच्या टॅक्सीचा ड्रायव्हर असे तिघंच होते. चौथा खांदा बाईंनी दिला. साठी उलटलेली बाई.

महिन्याभराने चेट्टनने मला बाजूला घेतलं. गावाकडून निरोप आला होता. टर्नरने माफीपत्र लिहिलं तर सगळं मिटेल. "आमच्याशी तो बोलणार नाही. तू बोल. आणि त्याला आईचं विचार. म्हण, उद्या आईला काही झालं तर तिला कोण उचलेल?"

हे वाक्य चेट्टनचं होतं, पण नेऊन पोचवलं मी. पुढच्या शुक्रवारी टर्नर खाडीवर होड्या दुरुस्त करतात तिकडे एकटा बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. थोडं हवापाण्याचं बोललो. मग म्हटलं, "सही करून टाक. सहीत काय आहे? मी तर कशावरही करेन."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"बाईंना काय, त्या पडल्याच. तू कशाला मरतोस?"

मग मी ते वाक्य म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एका होडीच्या बुडाला दोन माणसं तेल लावत होती, त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तुझं नाही. तुला हे सुचणार नाही." आणि उठून गेला.

पण वाक्याने आपलं काम केलं. आठवड्याने त्याने मला सांगितलं, चेट्टनला सांग, लिहितो.

पत्र खोलीतच लिहिलं गेलं. चेट्टन मल्याळममध्ये सांगत होता, टर्नर मांडीवर पाट घेऊन लिहीत होता. दीड पान झालं. खाली टर्नरची सही, मग साक्षीदार म्हणून चेट्टनची. मग चेट्टनने कागद माझ्यापुढे केला. "बाहर का आदमी का साइन होगा तो वजन आएगा."

"क्या लिखा है?"

"माफी. और क्या."

मी टर्नरकडे बघितलं. तो पेनाचं टोपण लावत होता. मला मल्याळमचं एक अक्षर वाचता येत नाही. मी सही केली, खाली चेट्टनने सांगितलं म्हणून गावाचं नावही लिहिलं.

त्याच संध्याकाळी बिर्याणी झाली. ताटं सहा. चेट्टनने पहिला घास स्वतःच्या हाताने टर्नरला भरवला आणि रडला, मोठ्याने, लहान मुलासारखा. बाकीचे तिघंही रडले. एकेकाने उठून त्याला मिठी मारली. मधल्या महिन्यांत काय झालं हे विचारायला सुरुवात झाली, जणू तो कुठल्या तरी लांबच्या प्रवासाहून परत आला होता. बायको कशी आहे, कौलं शाकारली का, बाबांना शेवटी त्रास झाला का. ज्यांनी त्या दुपारी सिनेमा लावला होता, ते विचारत होते. आणि टर्नर उत्तरं देत होता. पानातलं सगळं संपवत होता, वाढा म्हणत होता. त्या आठ महिन्यांत मला जी किळस आली नव्हती ती त्या जेवणात आली.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याबरोबर पिकअपमध्ये होता. गल्लीच्या तोंडाशी आम्ही दोघं उतरलो. तो म्हणाला, "काय लिहिलंय ते तुला माहीत नाही ना? मी सांगतो. बाईंनी बाहेरच्या पार्टीचे पैसे घेतले, असं लिहिलंय. मला घरात एकटं बोलावलं, दार लावलं, आणि..." त्याने हाताने काहीतरी दाखवलं. "साठ वर्षांच्या बाईबद्दल. उद्या-परवा वाचनालयाच्या अंगणात लाउडस्पीकरवर वाचतील. साक्षीदारांची नावंही वाचतात. तुझं, तुझ्या गावाचं."

मी म्हटलं, "तू हे लिहिलंस?"

"चांगलं अक्षर आलं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत एक खाडाखोड नाही."

दुपारी डबा उघडला तर आदल्या दिवशीची बिर्याणी. कारखान्यामागच्या मांजरांना घातली.

इतकं झाल्यावर मी लगेच ती खोली सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. मी आणखी चार महिने तिथे राहिलो. भाडं कमी होतं, जेवण चांगलं होतं आणि चेट्टनचा पिकअप दारातून दारात न्यायचा. या चार महिन्यांत मी बाईंना इंग्रजीत पत्र लिहायचं तीनदा ठरवलं. टर्नरकडे पत्ता मागायचा धीर झाला नाही. मग शारजाला आपल्याकडच्या मुलांच्या खोलीत जागा झाली आणि मी गेलो. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते खूश झाले. "कम्युनिस्ट असलेच," एक जण म्हणाला, आणि ही हकिकत तो पुढे जाईल तिथे तिखटमीठ लावून सांगायला लागला. टर्नरचं पुढे काय झालं, बाईंचं काय झालं, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. मी ती हकिकत सांगायचीच बंद केली.

सात-आठ वर्षांनी, मी लग्न करून बायकोला इकडे आणलं होतं, मुलगी दुबईत ऊद मेथाच्या शाळेत जायला लागली होती, तेव्हा चेट्टनचा फोन आला. कायमचा गावी चाललाय, येऊन भेट, फॅमिलीला घेऊन ये. मी गेलो. बायको आणि मुलगी गाडीत बसल्या, मुलीला झोप लागली होती. खोलीत खोकी बांधणं चाललं होतं. टर्नर तिथेच होता, केस पिकलेले, खोक्यांवर काळ्या मार्करने चेट्टनचं नाव लिहीत होता. त्याने हात मिळवला, मुलगी कितवीत आहे विचारलं. मी बाईंची चौकशी केली, आवाज होईल तितका साधा ठेवून. उत्तर चेट्टनने दिलं. बाई घर विकून मंगळूरला मुलीकडे गेल्या होत्या, तिथेच वारल्या. मैदानावर इमारत झाली होती. "अच्छा बिल्डिंग है. पूरा मार्बल." टर्नर लिहीत होता.

निघताना चेट्टनने मला मिठी मारली, घट्ट, बराच वेळ. म्हणाला, "तू बाहर का नहीं है, तू हमारा आदमी है. उस टाइम में तुमने बहुत साथ दिया." तो मनापासून बोलत होता. मी हसून म्हटलं, "क्या चेट्टन, ये भी कोई बोलने की बात है."

गाडीत बसल्यावर बायकोने विचारलं, "कशी होती रे ही माणसं? तू कधी सांगत नाहीस."

मी म्हटलं, "चांगली होती. आजारपणात खूप केलं माझं."

यातलं काहीही खोटं नव्हतं, आणि याचीच मला अजून शिसारी येते.